अंग चोरून

ब्रॅम, रडू नकोस. ये, बस इथे, शेगडीपासून जरा लांब.
डूगलचे मोजे तू उकळत्या पाण्यात घातलेस,
मग वाळवायच्या यंत्रात तासभर फिरवलेस,
आणि आता हे बघ, माझ्या एका तळहातात मावताहेत दोन्ही.
सहा फूट तीन इंच माणूस आहे तो.

लोकर तक्रार करत नाही.
नुसतं अंग चोरते.
मीही चोरायचे, इथे आले त्या वर्षी,
कातरणीची बारा माणसं टेबलाशी
आणि मी भिंतीला लागून मटणाचं पातेलं नेताना.
चोरलेलं अंग, पोरा,
ओढून ताणून परत येत नाही. मी ओढून पाहिलंय.

तर ऐक. एकदाच सांगते.
(दोनदा सांगेन. माझी खोडच आहे.)

रोज धुवायचे नाहीत.
डोंगरावरून आले की दारामागच्या खुंटीवर
रात्रभर वारं खाऊ दे त्यांना.
मेरिनो घामाचा राग धरत नाही.
सकाळी हुंगून बघ: गार गवत,
फार तर थोडा कुत्र्याचा वास.
चौथ्या दिवशी धू. पाचव्या म्हण.

मग उलटे कर, मळ आतल्या अंगाला असतो.
पाणी कोपराने बघ, तान्ह्या बाळाचं बघतात तसं.
साबण बोटभर.
ते फुलांच्या वासाचं निळं पाणी नको,
धाग्यावर साय धरते त्याची, लोकर गुदमरते.
चोळू नकोस. दाब, सोड. दाब, सोड.
स्कोनच्या पिठाला तुझा हात हलका पडतो ना,
तोच हात इथे आण.
आणि पिळायचे नाहीत! पीळ धाग्याला आहे तेवढा पुरे.
टॉवेलवर निजव, टॉवेल गुंडाळ, वर गुडघा टेकव.
दोरीवर टांगलेस तर लांबतील,
ओल्या लोकरीला स्वतःचंच ओझं पेलत नाही.
आडवे पसर, सावलीत, खिडकीखालच्या फळीवर.

विरेमू म्हणतो, एवढे लाड माझे बायकोनेही केले नाहीत.
मी म्हटलं, तिच्यावर उभा राहून
डोंगर चढतोस का तू दिवसभर?

टाचेला भोक पडलं तर माझ्याकडे आण.
पुरतं पडायच्या आधी, वीण विरळ दिसली की लगेच.
आत बटाटा घालते मी, रफूला.
लाकडी अंडं होतं एक, ते गेल्या हिवाळ्यात
कोणीतरी शेगडीत सारलं. कोण ते मला ठाऊक आहे.

थांब. कुत्री भुंकताहेत. आले वाटतं खाली.
एप्रिल संपत आला, लिंडिसच्या माथ्यावर बर्फ बसलाय,
कळप आज फाटकाआत आला नसता तर…

डूगल. खांद्यावर फ्लॉस.
पुढचा पंजा पाटीच्या दगडाने चिरलेला, रक्त गोठून काळं.
ब्रॅम, कोमट पाणी. कोपराने बघ!

आणि त्याने ते मोजे बघितले.
टेबलावर, मिठाच्या बरणीशी, बाहुलीचे असावेत तसे.
कोणी बोलेना. शेगडीतला कोळसा तेवढा तडतडला.
त्याने एक उचलला, बोटांवर चढवून पाहिला,
दाबला: जाड, घट्ट, पाणी शिरू न देणारा.
मग फ्लॉसचा पंजा धुतला, पुसला,
आणि मोजा घातला.

बेताचा बसला. जणू मापं घेऊन आटवलेला.
फ्लॉसने त्याच्याकडे असं पाहिलं
की विरेमूला हसता हसता ठसका लागला.
वरून हराकेकेची पट्टी बांधली, तशी उठली,
तीन पाय टकटक, चौथा मुका,
आणि निघाली मेंढ्यांकडे, नेहमीसारखी,
त्यांच्याच पाठीवरचं पायात घालून.

डूगल मला काही बोलला नाही. तुलाही नाही बोलणार.
दुसरा मोजा खिशात टाकला त्याने.

उद्या तो पायातला काढशील, धुशील.
हो, तूच.
कसा म्हणजे? हवं तर उकळत्या पाण्यात घाल.
त्याचं आटायचं होतं तेवढं आटून झालंय.