झाकण

रात्री दहाला ऑर्विल टॅकेटनं भांड्याची वायर खोचली.
बटणावरची अक्षरं केव्हाच पुसली गेलीत,
बोटाला ठाऊक आहे मंद आच कुठे ते.

गोमांस परतलेलं, कांदा, वाळल्या मिरच्यांचा गर,
जिरं जरा हात सैल सोडून.
राजमा नाही. राजमा घालणाऱ्याला
टेक्ससात लोक शेजारी म्हणतात,
चिली करणारा म्हणत नाहीत.

कार्डावर वर्डेलचं तिरकं अक्षर:
झाकण उघडू नकोस. दर वेळी वीस मिनिटं जातात.
त्याखालची ओळ तेलाच्या डागानं गिळली आहे.
एक चमचा... कशाचा?

तीनला तो उठला.
काचेला आतून घाम फुटलेला,
आणि ती रटरट,
पलीकडच्या खोलीत कुणी फोनवर हळू बोलावं तशी.
त्यानं झाकण उघडलं.
गेली वीस मिनिटं. जाऊ देत.
कोको घातला. मग वाटलं, कॉफी असावी.
तीही घातली.

अग्निशमन केंद्राच्या शेडमध्ये सतरा भांडी,
बंब बाहेर उन्हात काढलेला.
परीक्षक बाईंनी चमचा तोंडातच ठेवला क्षणभर.
"काय काय आहे यात?"
"सगळं मलाही माहीत नाही."

पहिला नंबर डेल्फिन गथ्रीचा.
राजमा घालून!
ऑर्विलनं तिच्याकडची वाटीभर उभ्यानंच खाल्ली
आणि पुन्हा वाटी पुढे केली.

परतताना रिकामं भांडं शेजारच्या सीटवर,
पट्टा लावून.
"बरी होती गं," धान्याच्या कोठारापाशी वळताना
तो म्हणाला.
झाकण जरासं खडखडलं.