नाल्याच्या तोंडाशी

एल्वहेडच्या धुलाईघरात मी हिशेब लिहिते.
तीन इस्पितळांच्या चादरी, एका हॉटेलचे टॉवेल,
आणि खिडकीत दुपारी तीनलाच येऊन बसणारा स्वीडनचा अंधार.

तेलाच्या बिलात, किमतीच्या खाली, एक ओळ असायची :
कार्बन कर.
पहिल्या वर्षी ती कॉफीच्या खर्चात दडवली असती
तरी कुणाला कळलं नसतं.
मग दर जानेवारीला ती अंग धरू लागली,
शेजारच्या आकड्याला कोपर मारून जागा मागू लागली.

मालक तूरे लिंडगार्ड आधी चिडले.
मंत्र्याला पत्र लिहिलं, पेपरला लिहिलं.
पेपरनं छापलं, मंत्र्यानं आभार मानले,
ओळ तिथंच.
तेव्हा एका सोमवारी, बूटही न काढता, त्यांनी विचारलं :
आपण इतकं जाळतो ते जातं कुठे?

चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
कर नव्हता तोवर डर नव्हती.

बॉयलरवाल्या सिक्स्टननं आम्हाला मागच्या दारानं नदीवर नेलं.
नदी या काठापासून त्या काठापर्यंत गोठलेली.
फक्त आमच्या नाल्याच्या तोंडाशी
खोलीएवढं काळं उघडं पाणी, वाफा सोडणारं,
आणि त्यात बदकं. डिसेंबरात. निवांत.
"यांनाच पाजतो आपण तेल," तो म्हणाला,
जणू कुणी विचारायचीच वाट बघत होता.

पैसा पाण्यासारखा जात होता,
तोही चांगला कढत.

लुलेओहून पर्वाने आली, सव्वीस वर्षांची इंजिनिअर,
म्हणाली, हीच ऊब परत आत वळवू.
पहिलं यंत्र चादरींच्या तंतूंनी आठवड्यात घुसमटलं.
दुसरंही.
तिसऱ्याच्या वेळी तूरे बँकेतून परतले
ते गाडीतच बसून राहिले बराच वेळ.
मी वही पुढे केली : थांबलो तर ही ओळ एवढी,
पुढच्या वर्षी एवढी.
नाक दाबल्यावर तोंड उघडतं म्हणतात;
इथं डोळे उघडले होते, मिटता येईनात.

पर्वानेनं शेवटी दूधडेअरीतला बाटल्या घासायचा ब्रश
गाळणीत बसवला, फिरता.
तो चालला.
आता तीच गाळणी आम्ही डेअरीला विकतो,
तूरे हे पाहुण्यांना दोनदा सांगतात.

सिक्स्टन पहाटे पाचला अजून येतो.
नव्या पडद्यावरचे आकडे त्याला वाचता येतात,
तरी जाता जाता जुन्या बॉयलरच्या
गार पोटावर तळहात ठेवतो.
मी वर बघत नाही.

या फेब्रुवारीत नाल्याच्या तोंडाशीही नदी गोठली.
पालिकेचा माणूस पहारीनं ठोकून बघून गेला,
'बर्फ पातळ' ही पाटी उपटून नेली.
संध्याकाळी पोरं त्यावरून स्केट करत गेली, सरळ,
पूर्वी वळसा होता तिथून.

बिलातली ओळ आता बारीक आहे, पण आहे.
बदकं कुठे गेली
त्याचा रकाना माझ्या वहीत नाही.
सिक्स्टनच्या खिशात मात्र पावाचा चुरा सापडतो,
धुवायला टाकलेल्या कोटात.