ठराव क्रमांक सात

रजिस्टरचं पान एकशे बारा.
समासाची तांबडी रेघ मी पट्टी न घेता आखली,
म्हणून ती शाळेच्या व्हरांड्यासारखीच एका अंगाला कललेली.
ठिकाण : जांभूळपाडा, तालुका पेठ, जिल्हा नाशिक.
हजर एकोणसाठ. त्यांतले अंगठे बावीस.

पहिले सहा विषय भराभर गेले.
अंगणवाडीचं छप्पर, बोअरची मोटर,
खडीच्या खाणीला नकार. याला तर टाळ्या पडल्या.
हेच लोक गेल्या उन्हाळ्यात
कलेक्टर कचेरीच्या फाटकाशी तीन रात्री चुली मांडून बसले,
वनहक्काचा कागद हातात पडेस्तोवर उठले नाहीत.
मला त्यांचा अभिमान आहे. आधीच सांगून ठेवते,
पुढचं लिहिताना हात जड होणार आहे.

विषय सात.
किसन गावितानं बोहाड्याची वर्गणी दिली नाही.
दोन वर्षं झाली, रविवारी त्याच्या पडवीत
पाचदहा माणसं डोळे मिटून बसतात,
डफावर वेगळीच गाणी म्हणतात.
सूचक भाऊराव भुसारे म्हणाले :
त्याला हातपंप बंद. गिरणी बंद.
त्याच्या मयताला ओहळाकाठी जागा नाही.
लिहा मॅडम, सर्वानुमते.

पेन ‘स’वर थांबलं.

म्हटलं, वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे.
तीन वर्षांपर्यंत आत जावं लागतं.
भुसारे हसले. ‘कायदा आम्हालाही ठावा. पेसा.
रूढी-परंपरा राखायच्या त्या ग्रामसभेनं.
तुम्हीच वाचून दाखवला ना, याच ओट्यावर?’
खरं होतं. मीच दाखवला होता,
आवाज चढवून, कलम चार, पोटकलमांसकट.

माझा पणजा पंचवटीत एका बंद दारासमोर बसला होता.
आत देव, बाहेर तो, मधे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं.
घरी त्याची म्हणून एक काठी आहे.
तीच, की दुसऱ्या कुणाची, कोणीच खात्रीनं सांगत नाही.

म्हटलं, हात वर करा. मोजल्याशिवाय लिहिणार नाही.
हे नवीन होतं.
गाव मान डोलावतं, मोजून घेत नाही.
हात आले, सवडीनं, शेजाऱ्याकडे बघत,
काही कोपरापर्यंतच.
चौतीस. परत मोजले. एकतीस.

विरोधात?
मागे बायकांत यमुना कामडी उठली,
जिच्या घरी बोहाड्याची सोंगं रंगतात.
‘हिच्या बायकोनं माझी तिन्ही पोरां उतरवली,’
किसनकडे हनुवटीनं दाखवत म्हणाली,
‘तिचा पानी मी नाय तोडत.’
आणि बसली, पदर सारखा करत.

बाकी सत्तावीस हात
तंबाखू मळत होते, पोरीची वेणी घालत होते,
गुडघ्यावर पडून होते.

लिहिलं तसंच. एकतीस, एक, सत्तावीस.
खाली शेरा : सदर ठराव कायद्याविरुद्ध असल्याने
अंमलात आणता येणार नाही.
सही, रोहिणी पगारे, ग्रामसेविका.
‘तुम्ही बाहेरच्या, मॅडम,’ भुसारे म्हणाले,
रागानं नव्हे, पत्ता सांगावा तसे.
हो म्हटलं. शिक्का उमटवला, शाई कमी पडली,
फुंकर घालून पुन्हा उमटवला.

शेवटची गाडी चुकली. शाळेतच पथारी टाकली.
लाईट अकराला आली, रोजच्यासारखी,
आणि गिरणीचा पट्टा फडफडला.
जयवंत महाले, एकतिसांतला,
त्याचा हात सगळ्यांआधी वर गेलेला.
खिडकीतून बघितलं :
किसनची बायको डोक्यावरून नागलीची पाटी उतरवत होती.
तो बोलला नाही. तीही नाही.
गिरणी एवढा आवाज करते की
न बोलणंही कुणाच्या ध्यानात येत नाही.

सकाळी हातपंपाच्या दांड्याला साखळी होती.
कुलूप होतं, पण उघडंच लटकत,
लावायला आलेला मधेच परतला असावा,
किंवा चावी आणायला गेला असावा.
मी बाटली भरून घेतली.
साडेसातच्या गाडीला अजून दहा मिनिटं होती.