पूर्वपक्ष

ड्रायर नंबर चारवर लॅपटॉप ठेवते,
वायफाय तिथेच काय ते पकडतं.
खाली वृद्धाश्रमाच्या चादरी गरगरत असतात
आणि वर मी, नोएला थिबोडो, वय एकोणपन्नास,
कॉलेजच्या पहिल्या वर्षाला,
वाद कसा घालावा ते शिकते आहे
कधी न पाहिलेल्या माणसाकडून.

माणूस की बाई, तेही ठाऊक नाही.
एम. ओकोन्स्की एवढंच नाव.
समासात शेरे उगवतात, कधी पहाटे तीनला:
'पुरावा?'
'हे कोण म्हणतं?'
'बरं, मग?'
हे 'बरं, मग?' पहिल्यांदा फार लागलं.
आईही असंच विचारायची,
पण तिला उत्तर नको असायचं.

आमच्या घरी मुद्दा फार वेळ मुद्दा राहत नसे.
सूप गार व्हायच्या आत त्याचा गुद्दा व्हायचा,
मग कुणीतरी उठून अंगणातला बर्फ उपसायचं,
आधीच उपसलेला.

माझा विषय: नदीवरचं धरण फोडावं.
कागदाची गिरणी बंद पडून अकरा वर्षं झाली.
दर मे महिन्यात समुद्रातून हेरिंग वर येतात,
काँक्रीटवर नाकं घासतात
आणि तिथेच मरतात. मी मोजलेत.
पुरावा आहे माझ्याकडे, फोटो आहेत, तारखांसकट.

सहाव्या आठवड्यात पूर्वपक्ष आला.
'विरोधकाची बाजू अशी मांडा
की वाचून तो म्हणेल, हो, हेच म्हणायचं होतं मला.'
माझा विरोधक चार मैलांवर राहतो.
शाळेच्या जिममध्ये गावसभा होती,
तो उठला, मीही उठले,
'तू आपली धुणी धू,' म्हणाला.
त्याला आता दोन हिवाळे झाले.

मी लिहिलं: 'काही लोकांना असं वाटतं की...'
शेरा आला:
'काही लोक म्हणजे कोण? त्यांना हात आहेत का?'

आहेत.
उजव्या हाताला बोटं तीन.
उरलेली दोन रोलरनं घेतली, सत्त्याण्णव साली,
आणि तो पुढच्या सोमवारी कामावर हजर होता.
हे लिहिलं.
मग धरणामागचं तळं लिहिलं,
बाबा आम्हाला स्केट्सवर उभं करायचे ते,
आधी त्याला, मग त्याला धरून मला.
विहिरींची पातळी लिहिली. आगीच्या बंबाचं पाणी लिहिलं.
हे मला माहीत होतं,
जिममध्येही माहीत होतं,
फक्त तेव्हा मी ते त्याच्या तोंडून ऐकत होते.
अडीचशे शब्दांची मर्यादा. सातशे झाले.
माझी स्वतःची बाजू खाली आखडून बसली,
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी.

मत बदललं नाही माझं.
धरण फुटावं, आजही म्हणते.

राहिली संदर्भसूची.
भावाला त्यात कसं बसवायचं?
नियमावलीत सापडलं: आडनाव, नाव,
वैयक्तिक संभाषण, तारीख.

रविवार, रात्रीचे अकरा चौतीस.
अकरा एकोणसाठला खिडकी बंद होते,
मग विनवण्या करा, नाही तर ड्रायरवर डोकं आपटा.
थिबोडो, रोझेर. वैयक्तिक संभाषण.
पुढे कर्सर लुकलुकत राहिला.
जिममधली तारीख टाकता आली असती.
पण ते संभाषण नव्हतं.

रोझेर नऊला झोपतो.
सहाव्या रिंगला उचलला.
'कोण गेलं?'
कुणी नाही, म्हटलं. कॉलेजचं काम आहे.
बराच वेळ नुसता श्वास.
म्हटलं, एक वाक्य तपासायचंय.
वसंतातल्या पुरात पाणी बॉयलरच्या खोलीत
कुठवर चढायचं रे? मी दुसरी पायरी लिहिलीय.

पलीकडे खाट करकरली.
'दुसरी?' तो म्हणाला. 'थांब.
दिवा लावतो.'