गाढवाचा आवाज

सदरच्या थेटरात रविवारी कार्टूनचा सिनेमा,
मराठीत डब केलेला.
राजकन्या बोलली सदाशिव पेठेतलं,
तिचा घोडाही शुद्ध, जोडाक्षरांसकट.
मग गाढव आलं,
म्हणालं, "काऊन वं, कुठी चालली?"
अन् अख्खं थेटर हसलं.
सगळ्यात मोठ्यानं मी.

बाहेर तर्रीपोह्याच्या गाडीवर
श्यामकुळे म्हणाला,
"आलो ना आपण पडद्यावर, अजून काय पायजेन?"
सुकेशनीनं तर्री वाढून घेतली.
"आलो. पण चार पायांवर."
"अवं वैनी, त्याच गाढवानं तर जंगल पार करून देल्लं!"
"हो ना. अन् लग्नात मांडवाबाहेर बांधलं."
वाद पाचपावलीच्या पुलापर्यंत चालला,
दोन स्कूटरवरून, ओरडत.
पोरगी मधात बसलेली,
डोक्यावर थेटरातला कागदी मुकुट,
एका हातानं धरून.

सोमवारी पालकसभा.
गेटपाशी विशाखानं माझी बाही ओढली,
"पप्पा, आत जास्त बोलू नका हं.
मॅडमला हसू येईल."

मॅडम सांगत होत्या,
हुशार आहे, उच्चार स्पष्ट आहेत,
घरी कोण घेतं अभ्यास?
मी मान हलवत राहिलो,
वर, खाली.