बरोबरी

सुदुरॉयहून टोर्शाव्न, बोटीने दोन तास.
निघायचे होतो सहा, निघालो पाच.
आइदुनचा मेंढ्या कापायचा मुहूर्त नेमका आजचा,
म्हणून पाचव्या पटावर आमचं घड्याळ
एकटंच चालत राहिलं तासभर,
आणि समोरचा पोरगा फिरत्या खुर्चीत गोल गोल घुमत
आमची अब्रू मिनिटामिनिटाने मोजत बसला.

त्यांच्या शेवटच्या खेळाडूचं रेटिंग
आमच्या पहिल्यापेक्षा तीनशेने जास्त.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
कप्तान म्हणून तेवढंच माझ्या हातात असतं.

मोर्तानला अठराव्या खेळीत मात.
माझा वजीर मीच वाढला त्यांच्या ताटात,
वर रूबार्बचा मुरंबा घालून.
सुन्वाने किल्लेकोट केला, देखणा,
आणि त्याच कोटात तिचा राजा गुदमरला
स्वतःच्याच प्याद्यांच्या गर्दीत. घोड्याने फक्त दार लावून घेतलं.
बार्दुर हरला तेव्हा मी कॉफी आणायला गेलो होतो.
कसा हरला, विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

उरला हानुस.
वय अठ्ठ्याहत्तर, त्यातली चाळीस जहाजांच्या इंजिनखोलीत.
कान तिथेच ठेवून आलाय.
समोर रान्वा, तेरा वर्षांची, दातांना तारा,
खेळी लिहिताना जिभेचं टोक बाहेर.
पटावर दोघांचा एकेक हत्ती,
तिचं एक प्यादं जास्त,
आणि हानुसचं एक, पार कडेचं,
आपल्या वाटेने एकटंच चाललेलं.

नऊ वाजायला आले. शेवटची बोट साडेनऊची.
रान्वाने हत्ती सरकवला, मान वर केली,
आणि अगदी हळू म्हणाली, ‘बरोबरी?’

अर्धा गुण!
तीन हंगामांत या गावाने आम्हाला
तेवढाही दिला नव्हता.
मी खाकरलो. खुर्ची ओढली. पुन्हा खाकरलो.
मोर्तानने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला,
जणू बहिरा मीच आहे.

हानुस खोकला, बराच वेळ,
रुमाल घडी करून खिशात ठेवला,
आणि कडेचं प्यादं एक घर पुढे ढकललं.

सातव्या ओळीपर्यंत पोचलं ते.
प्याद्याचा फर्जी व्हायला एकच घर उरलं होतं,
समोरचं, रिकामं,
आणि त्या घरावर तिच्या हत्तीचा डोळा.
पुढचं सांगत नाही.
सहा-शून्य. निकालपत्रावर सही माझी.

रान्वाने त्याचा कोट खुंटीवरून काढून आणला,
बाही धरून उभी राहिली, तो हात घालेपर्यंत.

बोटीत सगळे पेंगले. समुद्र बरा होता.
मी त्याच्या चांगल्या कानाशी वाकून ओरडलो,
‘तिने बरोबरी मागितली होती!’
‘ऐकलं की.’
‘मग?’
त्याने खिशातला चुंबकाचा पट उघडला,
सोंगट्या मांडल्या, न चुकता,
आणि कडेच्या प्याद्यावर नख टेकवून म्हणाला,
‘पटाकडे बघून मागितली असती तर दिली असती.
पोरगी माझ्या खोकल्याकडे बघत होती.’

मला राग आला. खरंच आला.
अर्धा गुण त्याच्या एकट्याचा नव्हता.
बोलायला तोंड उघडलं, तर तो
हत्ती मागे घेऊन बघत होता, पुन्हा पुढे, पुन्हा मागे.
‘इथे घाई केली,’ म्हणाला. ‘मार्चमध्ये येईल ना ती
आपल्याकडे?’
येईल बहुतेक, मी म्हणालो,
कॅन्टीनच्या चाव्या आइदुनकडून घ्याव्या लागतील.

मग त्याने पट मिटला,
तळवा बोटीच्या भिंतीवर सपाट ठेवला,
डोळे बंद केले, आणि थोड्या वेळाने म्हणाला,
‘तिसरा सिलिंडर चुकतोय.
सांग कुणाला तरी.’