शब्दाला सव्वा रुपया

डिसेंबर. अधिवेशनाचा पंधरवडा.
सिव्हिल लाइन्सच्या झाडांनाही गेरू-चुना लागलेला,
झिरो माइलकडचे रस्ते बांबूंनी बांधलेले,
आणि मी वर्धा रोडवरच्या हॉटेलात, उसन्या कोटात,
मधल्या खुर्चीवर.
एका बाजूला मंत्रीसाहेब,
दुसऱ्या बाजूला निधी देणारी परदेशी बाई.

पहिला दीड तास पाकिटावर गेला.
पोषण आहाराचं पाकीट, तळहाताएवढं.
साहेबांचा फोटो डावीकडे की मधोमध,
संस्थेचं बोधचिन्ह किती मिलिमीटर,
फोटोच्या वर आलं तर चालेल का.
मी मिलिमीटर इकडून तिकडे नेत राहिलो.

आत काय असावं
हे ठरलेलंच होतं, कुठल्याशा थंड शहरात,
ज्याचं नाव मला दोनदा विचारून घ्यावं लागलं.

दुपारी टिमकीची अंगणवाडी.
रांगोळी ओली. वजनकाटा नवाकोरा,
वरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं.
सेविका सिंधू हेडाऊ पदराला हात पुसत म्हणाली,
"खिचडी गरम राह्यते तं पोट्टे येतेत जी.
पाकीट घरी गेलं का बाप चहात बुडवून खाते.
खिचडी बंद नोका करू."

बाईनं माझ्याकडे पाहिलं.
साहेबांच्या पीएनं घड्याळाकडे.
बाहेर गाड्या चालूच होत्या.

मी इंग्रजीत म्हणालो,
ही आपले आभार मानते आहे.

बाई खुलून हसली, हात जोडले तिनं, जरा वाकडेच.
सिंधूनंही जोडले. काय करणार.

फेब्रुवारीत अहवाल आला, माझ्याकडेच,
मराठी करायला.
पान एकोणचाळीस.
माझंच खोटं, न्हाऊन-माखून,
कपाळाला तळटिपेचा आकडा लावून
माहेरी आलेलं.
मी लिहिलं: लाभार्थ्यांनी स्वागत केले.
तीन शब्द. पावणेचार रुपये.

परवा इतवारीत सिंधू भेटली, डाळीच्या दुकानात.
काटा बरा चालते म्हणाली,
पोट्टेच कमी येतेत त्याच्यावर उभं राहाले.
मग पिशवीला गाठ मारता मारता,
"का सांगतलं जी तुम्ही त्या बाईले?
भल्ली हासली ते."

दुकानदारानं विचारलं, तुम्हाला काय देऊ?
समोर पोतं उघडं होतं, पिवळंधमक.
मला त्या डाळीचं नाव आठवेना.